गुडघ्यातली तालीम

शालनबाईंच्या गुडघ्यात शिरलेल्या जिवाणूला नाव होतं, कूळ होतं, आणि आता यंत्रानं त्याचा पत्ताही शोधून काढला होता.

"चिंचबन तालीम, कोल्हापूर," डॉ. नाझनीन जमादार पडद्याकडे बघत म्हणाल्या.

समोर बसलेले शालनबाईंचे नवरे सर्जेराव चौगले दचकले. चिंचबन तालीम त्यांचीच. आज्यानं बांधली, बापानं वाढवली आणि आता गेली कित्येक वर्षं तिथले वस्ताद ते स्वतः. भरल्या मैदानात कधी मान खाली न घातलेला माणूस, पण त्या छोट्या खोलीत त्यांना एकदम उकडायला लागलं.

"मॅडम, आमच्या तालमीत पैलवान तयार होत्यात," ते म्हणाले. "रोगराई न्हाई. यंत्राचं काय तरी चुकलं असंल."

"चुकू शकतं. पण हे बघा, वस्ताद. गेली काही वर्षं आपल्या पट्ट्यात ज्याला गळू झालं, जखम चिघळली, त्या प्रत्येकाच्या जिवाणूची जनुकं आम्ही वाचून ठेवतो. मावशींच्या गुडघ्यातल्या जिवाणूचे भाऊबंद शोधले. जे निघाले ते सगळे पैलवान. आणि सगळे तुमच्याकडचे."

तीन वर्षांपूर्वी तालमीतल्या पोरांना फोडांची साथ आली होती, हे काही गुपित नव्हतं. पैलवानाला फोड लपवायची खोड असते. फोड दिसला की जोड मिळत नाही, लढत बंद, खुराक वाया. म्हणून पोरं फोडावर तालमीचीच माती चोळायची आणि आखाड्यात उतरायची. मातीनं सगळं बरं होतं, हे त्यांना वस्तादांनीच शिकवलेलं.

खाटेवरून शालनबाई बोलल्या. ताप होता, आवाज खोल गेला होता, पण जिभेची धार कायम होती.

"बघा. जन्मभर मला तालमीचा उंबरा वलांडू दिला न्हाईसा. शेवटी तालीमच माझ्या गुडघ्यात येऊन बसली."

डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं, आणि वस्तादांचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं.

बाईनं आखाड्यात पाऊल टाकायचं नाही, ही चिंचबनची रीत. मारुतीला चालत नाही म्हणायचे. पण पोरांचे मातीनं माखलेले लंगोट बाईनं धुतलेले मारुतीला चालत होते. लग्न होऊन आल्यापासून शालनबाई ते धूत होत्या. हाताला भेगा असोत, चिरा असोत, बादलीभर लंगोट रोज ठरलेले. त्या लाल पाण्यातून जिवाणू कधी तरी त्यांच्या अंगावर आला आणि नाकात बिऱ्हाड करून राहिला. अशी बिऱ्हाडं पुष्कळांच्या नाकात असतात आणि निरुपद्रवी असतात. पण गुडघा झिजला, धातूचा नवा गुडघा बसवला, आणि भाडेकरूनं संधी साधली.

"धातूवर हे जिवाणू सायीसारखा चिकट थर धरतात," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "त्या सायीत औषध शिरत नाही. गुडघा काढून साफ केला, औषधं बदलली, तरी ते हाडात उतरले. आणि आपली प्रतिजैविकं तर केव्हाच बोथट झालीत. लहानसहान तापाला, कोंबड्यांना, म्हशींना, सगळ्यांना देऊन देऊन आपणच ती बोथट केली."

"मग आता?" वस्तादांनी विचारलं, जरी उत्तर सकाळी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी दिलं होतं. पुढच्या आठवड्यात मांडीपासून पाय काढायचा. नाहीतर विष रक्तात पसरेल आणि मग पायाचाच नव्हे, जिवाचाही भरवसा नाही.

"आता भक्षक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावर एक चित्र आणलं. वरती पैलूदार डोकं, खाली दांडा, दांड्याखाली पाय. कोळ्याच्या पिल्लासारखं काहीतरी.

"हा विषाणू आहे, पण माणसाला काही करत नाही. हा फक्त जिवाणू खातो. त्याच्या अंगावर बसतो, आत आपली जनुकं सोडतो, आणि जिवाणूच्याच पोटात स्वतःची शेकडो पोरं वाढवून त्याला फोडून बाहेर पडतो. मग ती पोरं पुढच्या जिवाणूवर तुटून पडतात. जिवाणू संपले की यांचंही काम संपलं. पण एक अडचण आहे. हा भलताच खानदानी. प्रत्येक भक्षकाचा जिवाणू ठरलेला. दुसऱ्याच्या ताटाला तोंड लावत नाही."

"म्हंजे डावाला तोड असती तसं," वस्ताद म्हणाले. "ढाकेची तोड घिश्श्याला चालत न्हाई."

"अगदी तसंच. आमच्या पेढीत हजारो भक्षक ठेवलेत. यंत्र काय करतं, मावशींच्या जिवाणूचे बारीक गढूळ थेंब मांडतं आणि प्रत्येक थेंबात एकेक भक्षक सोडतं. जो थेंब निवळेल, तो भक्षक आपला. पण काल रात्रभरात एकही थेंब निवळला नाही."

शालनबाई छताकडे बघत होत्या. वस्तादांनी धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरला.

"पण जिथं हा जिवाणू पिढ्यान् पिढ्या वाढला, तिथं त्याच्याबरोबर वाढलेला एखादा भक्षकही असणार," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "त्याला याचे सगळे डाव पाठ. म्हणून मला तुमच्या आखाड्याच्या हौदातली माती हवीय, वस्ताद."

माती म्हटल्यावर वस्तादांचा ऊर भरून आला, आणि लगेच रिता झाला. कारण ती माती आता नव्हती. फोडांची साथ आली तेव्हा तालमीच्या मंडळानं ठराव केला, आणि वस्तादांनी स्वतः उभं राहून हौदात जंतुनाशक ओतलं, सगळी माती उपसली आणि नदीपलीकडच्या एका भरावात टाकून दिली. त्यावर आता गाड्यांचं चार्जिंग स्टेशन उभं होतं. नवी माती आणली, तिला ताक, लिंबू, हळद, कापूर, तेल घालून मळली. पोरांना औषधी साबण दिले. साथ थांबली. वस्तादांचा सत्कारही झाला होता.

"तरी नमुने घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नमुने घेतले. हौदातून, भिंतीच्या फटीतून, पोरांच्या नाकातून, जुन्या गदांच्या मुठीवरून. यंत्रानं एक रात्र घेतली. सगळे थेंब गढूळच राहिले. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं झालं होतं. वस्तादांनी रोग मारताना रोगाचा वैरीही मारून टाकला होता, आणि तो सगळ्यांच्या टाळ्यांत.

त्या दिवशी दुपारी वस्ताद खाटेशी बसले आणि ज्या माणसाला कुणी कधी रडताना बघितलं नव्हतं तो माणूस उपरण्यात तोंड घालून रडला.

"गप बसा," शालनबाई म्हणाल्या. "माती हाय."

"कुठं?"

"हर्षीच्या तालमीत."

वस्तादांनी तोंड वर केलं. हर्षदा त्यांची एकुलती एक मुलगी. ते नाव घरात आठ वर्षं त्यांच्यासमोर कुणी घेतलं नव्हतं.

हर्षदाला कुस्तीचं वेड लहानपणापासूनच. बापाच्या तालमीत जाता येत नव्हतं, म्हणून ती शाळेत मॅटवर शिकली, पदकं आणली, आणि लग्न होऊन नेसरीकडच्या एका गावात गेल्यावर पोरींसाठी तालीम काढायची म्हणाली. मॅटची नाही, मातीची. चिंचबनच्या घराण्याची एक जुनी चाल होती. नवी तालीम निघाली की जुन्या तालमीच्या वस्तादाकडे जायचं आणि मूठभर माती मागायची. ती मूठ नव्या हौदात मिसळली की नवी तालीम घराण्यातली झाली. ज्याची माती तो थोरला, ज्यानं मागितली तो धाकटा. हर्षदा मागायला आली होती. उंबऱ्याबाहेर उभी राहून रीतसर मागितली होती. आणि वस्ताद म्हणाले होते, बाईच्या पायाखाली ही माती जाणार नाही.

"मी दिली न्हाई तिला माती," वस्ताद म्हणाले.

"तुमी न्हाई दिली. मी दिली."

"तू? तू कुठनं आणलीस? तू तर कधी आत..."

"लंगोटातनं," शालनबाई म्हणाल्या. "लंगोट आदी साध्या पाण्यात बुडवतो न्हवं. माती खाली बसती. रोज तळाचा गाळ काढून ठिवला. चाळीसभर लंगोट रोज, सा म्हैन्यांत पाटी भरली. तुमी गावाला गेला हुतासा तवा हर्षी येऊन गेली, तिला पिशवीत घालून दिली."

"आणि मला दिसली न्हाई?"

"दिसू नये म्हणून तर तुमच्याच खाटंखाली वाळवली."

डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या लगेच आत आल्या. "मावशी, उन्हात नाही वाळवली? आणि साबण?"

"उन्हात घातली असती तर ह्यास्नी दिसली नसती का? आणि साबण मागनं, गाळ काढल्यावर."

"कडक ऊन आणि साबण लागला असता तर भक्षक मेले असते," डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच. "मावशी, त्या तालमीत ते अजून असतील! मी आत्ता माणूस पाठवते."

"माणूस न्हाई जायाचा," शालनबाई म्हणाल्या.

"का?"

"ह्यांनी जायाचं. आणि रीतसर मागायची."

वस्ताद उठून उभे राहिले. "शालन, तुझा पाय जायाला लागलाय आणि तू..."

"माझा पाय हाय. माझं मी बघतो. तुमी मागून आणली तर गुडघ्यात घालून घेतो. न्हाईतर कापू दे."

शालनबाई हट्टाला पेटल्या की मागे हटत नाहीत, हे चाळीस वर्षांच्या संसारात वस्तादांना पुरेपूर कळलं होतं. आणि त्यांना हेही कळत होतं, की लेकीकडून माती मागितली म्हणजे चिंचबन धाकटी आणि लेकीची तालीम थोरली. आज्या-बापाच्या पुण्याईवर पाणी. पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तरी त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून निर्जंतुक डबी आणि चमचा घेतला, खिशात घातला आणि बॅटरीवरची एसटी पकडून गडहिंग्लजमार्गे नेसरीच्या रस्त्याला लागले.

तालीम गावाबाहेर उसाच्या कडेला होती. पत्र्याची, पण स्वच्छ सारवलेली. आतून शड्डूचे आवाज येत होते. वस्तादांनी चप्पल काढली आणि उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच दोन पोरी आडव्या आल्या.

"आजोबा, कोण पायजे?"

"हर्षदा."

"वस्ताद आत हायती. बोलवतो. तुमी हितंच थांबा. आत गडीमाणसाला बंदी हाय."

आपल्या लेकीला कुणी वस्ताद म्हणतंय, हे कानाला नवीन होतं. त्यांनी विचारलं, "का? मारुतीला चालत न्हाई व्हय?"

"मारुतीचं काय ठावं न्हाई," मोठी पोरगी म्हणाली. "वस्तादास्नी चालत न्हाई."

वस्ताद बाहेरच्या दगडावर बसले. आत माती मळल्याचा वास येत होता, ताक आणि हळदीचा, अगदी त्यांच्या जुन्या हौदाचा. कोण कुठला डाव टाकतंय ते आवाजावरून कळत होतं, पण दिसत नव्हतं. थोडा वेळ गेला आणि त्यांना शालनची आठवण झाली. थंडाईचा हंडा कमरेवर घेऊन ती रोज चिंचबनच्या उंबऱ्याशी अशीच उभी राहायची. आतून कुणी तरी येऊन हंडा घेईपर्यंत. कधी एका पायावर, कधी दुसऱ्या. गुडघा काय उगीच झिजला होता? वस्तादांना त्या दगडावर बसून स्वतःची लाज वाटली. इतकी, की उठून निघून जावंसं वाटलं.

तेवढ्यात हर्षदा बाहेर आली. केस कापलेले, कान मोडलेले, अंगभर लाल माती. बापाला बघून ती जागच्या जागी थांबली.

"आईचं काय झालं?"

"हाय. बरी हाय. म्हंजे बरी न्हाई." वस्तादांनी जमेल तसं सांगितलं. गुडघा, जिवाणू, कोळ्यासारखा भक्षक, भरावात टाकलेली माती, लंगोटाचा गाळ.

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याबरोबर रागही. "मग फोन करायचा की, आबा! मी पाटी घेऊन तवाच आले असते. एवढ्या लांब कशापायी आलासा?"

वस्ताद उभे राहिले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी दोन्ही हातांवर पसरलं आणि वाकले.

"वस्ताद," ते म्हणाले, "मूठभर माती द्या."

आतले शड्डू थांबले. दारात पोरींची गर्दी झाली.

"आबा, असं करू नगासा," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

"रीत हाय, बाळ. मागायला आल्याला न्हाई म्हणायचं नसतंय. तू आलीस तवा मी न्हाई म्हणालो. रीत मी मोडली. तू मोडू नगंस."

हर्षदा आत गेली, हौदाच्या मधोमध बसली आणि दोन्ही हात मातीत घातले. ती ओंजळ भरून वर उचलणार, एवढ्यात वस्ताद उंबऱ्याबाहेरून ओरडले.

"अगं अगं, तसं नगं! डॉक्टरीणबाईनं चमचा दिलाय!"

पोरी खो खो हसल्या. हर्षदाही हसली, रडता रडता. चमच्यानं डबी भरली गेली. मग तिनं एक मूठ उपरण्यातही घातली, रीतीची म्हणून. वस्तादांनी ती कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. जमादारांनी वस्तादांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि पडदा दाखवला. गढूळ थेंबांच्या रांगांमध्ये एक थेंब काचेसारखा निवळला होता.

त्या एका भक्षकाची पैदास केली, तो गाळून शुद्ध केला, उंदरांवर नव्हे तर शालनबाईंच्याच पेशींवर तपासला, आणि बारीक नळीतून गुडघ्यात सोडला. पहिल्या दोन दिवसांत ताप उलट वाढला. फुटलेल्या जिवाणूंचा कचरा अंगात पसरतो, त्यानं असं होतं, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या, पण त्यांच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता. हर्षदा आईचा हात धरून बसली होती, बाप दाराशी. मग ताप उतरायला लागला. साय विरघळली तसं जुनं औषधही आत शिरू लागलं, आणि दोघांनी मिळून जिवाणूला जेरीस आणलं. पाय कापायची तारीख आधी पुढे ढकलली आणि मग रद्द केली. गुडघा पहिल्यासारखा वाकणार नाही, काठी सुटणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण पाय राहिला. शालनबाई राहिल्या.

पेठेत व्हायची ती चर्चा झालीच. तालमीच्या मंडळाचे अध्यक्ष बाबुराव नाईक तावातावानं घरी आले.

"वस्ताद, पोरीफुडं उपरणं पसरलासा? आता चिंचबन धाकटी झाली की!"

"झाली," वस्ताद म्हणाले. "च्या घेणार?"

बाबुरावांनी चहा घेतला. काय करणार? पुढं तर त्या भक्षकाचं पाणी हौदात शिंपायला दुसऱ्या तालमीही डॉक्टरीणबाईंकडे मागू लागल्या, आणि ज्यानं त्यानं हळूच चौकशी केली, की ते मूळचं कुठल्या तालमीचं. डॉक्टरीणबाई नेसरीकडचं नाव सांगायच्या.

शालनबाई घरी आल्यावर एका सकाळी अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. पाय स्टुलावर लांब केलेला. समोर वस्ताद उकिडवे बसले होते, हातांत डॉक्टरीणबाईंनी दिलेले रबरी मोजे आणि पुढ्यात लंगोटांचा ढीग. पैलवान पोरं दारावरून जाताना एकमेकांना कोपरं मारत होती, पण हसायची हिंमत कुणाची नव्हती.

वस्तादांनी बादलीत साबणाची पूड ओतायला घेतली.

"थांबा! आदी साध्या पाण्यात बुडवा. साबण मागनं."

वस्तादांनी बुडवले, चोळले, पिळले. पाणी लाल झालं. लंगोट बाजूला काढून त्यांनी बादली मोरीकडे उचलली.

"गाळ टाकू नका," शालनबाई म्हणाल्या.

"आता कशाला? पाय तर वाचला तुझा."

"माझ्यासाठी न्हाई ओ. उद्या कुणाची तरी पोर माती मागायला येणार. तवा द्यायला नगो का?" त्यांनी काठीनं घरापुढच्या सोप्याकडं दाखवलं. "तिथं वाळत घाला. सावलीत. पर खाटंखाली न्हाई. सगळ्यास्नी दिसंल अशी."

वस्तादांनी बादली हळूच खाली ठेवली, आणि माती तळाला बसायची वाट बघत तिथंच बसून राहिले.